घरी कोणता मासा न्यायचा?

मासा पाण्याबाहेर आला की त्याच्या कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात. पाण्यात असताना त्या सुट्या तरंगत असतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू ओढून घेतात. हवेत त्यांना पाण्याचा आधार उरत नाही. भोवती पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू असूनही मासा गुदमरतो तो यामुळे. म्हणून पाण्यात उभं राहून मासे धरणाऱ्याला एक निर्णय चटकन घ्यावा लागतो, मग तो रेवदंड्याच्या खाडीत गरी टाकणारा असो की मुडावदजवळ तापीत फेकजाळं टाकणारा. हा मासा घरी न्यायचा की परत सोडायचा? मिनिटभर विचार करत बसलं तर सोडण्यात काही अर्थ राहत नाही. उत्तर आधीच ठरलेलं हवं.

ट्रॉलरवरच्या खलाशाला हे स्वातंत्र्य नसतं. जाळं तासन्‌तास ओढून वर घेतलं की त्यातली बरीचशी मासळी मेलेली किंवा मरणाला टेकलेली असते. लहान पिल्लू ओळखून परत टाकलं तरी ते जगत नाही. गुडघाभर, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती मासा एकेक करून येतो आणि जिवंत येतो. साऱ्या मासेमारीत निवड करण्याची खरी मुभा आहे ती यालाच. म्हणून त्याने निवड शिकून घेतली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पहिली कसोटी लांबीची. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये समुद्रातल्या ५४ प्रकारच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याआधी असं पाऊल केरळने उचललं होतं. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अभ्यासावर हे आकडे आधारलेले आहेत. चंदेरी पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सव्वापाच इंचांपेक्षा लहान असेल तर धरायचं नाही. बोंबिलासाठी ही मर्यादा १८० मिलिमीटर, म्हणजे सात इंच आणि सुरमईसाठी ३७०, म्हणजे साडेचौदा इंच. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला चंदेरी पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. पालघरचं सातपाटी बंदर पापलेटसाठी नावाजलेलं आहे. तिथले मच्छीमार लहान पापलेटं धरू नका म्हणून कितीतरी वर्षं कळकळीने सांगत आले आहेत. बाजारात तळहाताहून लहान पापलेटांचा ढीग स्वस्तात दिसतो तेव्हा विकत घेणाऱ्यानेही हे सव्वापाच इंच आठवावेत.

या मर्यादेमागचं कारण सरळ आहे. माशाने आयुष्यात निदान एकदा अंडी घातलेली असावीत, मगच तो ताटात यावा. प्रत्येक जातीची वयात येण्याची लांबी वेगळी असते आणि ती डोळ्यांनी अंदाजे कळत नाही. ओला, चमकणारा, तडफडणारा मासा हातात नेहमी असतो त्याहून मोठा वाटतो. यावर एक साधा उपाय आहे. गळाच्या काठीवर किंवा जाळ्याच्या दोरीवर ठरावीक अंतरावर खुणा करून ठेवायच्या. मासा पाण्यालगत आडवा धरायचा, तोंडाचं टोक काठीच्या बुडाला लावायचं आणि शेपटीचं टोक कुठल्या खुणेपर्यंत पोचतं ते पाहायचं. दोन श्वासांत काम होतं आणि मोजपट्टी शोधत बसावं लागत नाही.

पण एवढ्याने भागत नाही. किमान लांबीचा नियम फक्त लहानांना वाचवतो. पाण्यात सगळ्यात मोलाचा जीव बऱ्याचदा सगळ्यात मोठा असतो. हे नीट समजून घ्यायचं तर रायगडच्या खाड्यांमधला जिताडा पाहावा.

अलिबाग-पेणच्या माणसाला जिताड्याची ओळख करून द्यायला नको. खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या सीमेवर वावरणारा हा मासा. त्याची पिल्लं पावसाळ्यात खाडीतून आत शिरतात, खारजमिनीतल्या शेतांत आणि तळ्यांत येतात. तिथले शेतकरी ती तळ्यात वाढवतात आणि पाहुणा आला, सण आला की काढतात. खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभं राहून गरवणाऱ्यांच्या दृष्टीने तर जिताडा म्हणजे सगळ्यात मोठी कमाई. त्याची चव, त्याचा भाव आणि गळाला लागल्यावरचा त्याचा जोर, तिन्ही थोर. या माशाचं शरीरशास्त्र मात्र विलक्षण आहे. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो. काही वर्षं नर म्हणून जगतो आणि पुरेसा मोठा झाला की त्याची मादी होते. म्हणजे खाडीत दिसणारे लहान आणि मध्यम जिताडे बहुतेक सगळे नर आणि तीन-चार फुटांचे अजस्र जिताडे बहुतेक सगळ्या माद्या. 

आता विचार करा. लहान सगळे धरले तर मादी व्हायला कुणी उरणार नाही. मोठे सगळे धरले तर अंडी घालायला कुणी उरणार नाही. ऑस्ट्रेलियातही हाच मासा आहे, तिकडे त्याला बॅरामुंडी म्हणतात. तिथल्या क्वीन्सलँड राज्याने दोन्ही बाजूंनी कुंपण घातलं. ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान बॅरामुंडी सोडायचा आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही सोडायचा. मधला न्यायचा. मला हा नियम आपल्याकडच्या किमान लांबीच्या नियमापेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो. खाडीत गरवणाऱ्या हौशी माणसाने तो स्वतःपुरता आजपासून पाळावा, त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायचं कारण नाही. चार फुटांचा जिताडा सोडताना जीव तुटतो हे मी जाणतो. फोटो काढावा आणि सोडावा.

गोबऱ्याच्या कुळात याच्या उलट घडतं. तिथे मासा आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. खडकांच्या कपारीतले मोठे गोबरे वेचून काढले की मागे माद्याच माद्या उरतात आणि त्यांची अंडी फळवायला नर कमी पडतात. एकच नियम सगळ्या माशांना लावता येत नाही, तो यासाठी.

लिंग न बदलणाऱ्या माशांतही थोरल्या मादीचं मोल वेगळंच. मादीचं वजन दुप्पट झालं की अंडीही दुप्पट होत असतील असं आपल्याला सहज वाटतं, पण हिशेब तसा नाही. अंडी वजनापेक्षा जास्त वेगाने वाढतात. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात शेकडो जातींच्या माशांवरचा एक अभ्यास आला. त्यातलं उदाहरण अटलांटिक महासागरातल्या कॉड माशाचं होतं. ३० किलोची एक कॉड मादी दोन-दोन किलोच्या २८ माद्यांपेक्षा जास्त अंडी घालते. त्या २८ माद्यांचं एकूण वजन ५६ किलो भरतं. म्हणजे जवळपास अर्ध्या वजनात जास्त अंडी, शिवाय थोरल्या मादीची अंडी बहुधा आकाराने मोठी आणि सकस असतात. आपल्याकडे सर्वांत मोठा मासा धरणाऱ्याचं कौतुक होतं. पाण्याच्या हिशेबाने तोच सगळ्यात मोठा तोटा असतो.

पोटाशी अंडी घेऊन फिरणाऱ्या जिवांबाबत तर शंकाच नको. शेवंड आणि चिंबोरीची मादी अंडी शरीराबाहेर, शेपटीखाली किंवा पोटाच्या झडपेखाली चिकटवून बाळगते. उलटी करून पाहिली की नारिंगी किंवा तपकिरी घोस लगेच दिसतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात लॉब्स्टर धरणारे अशी मादी सापडली की तिच्या शेपटीच्या पाकळीवर इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच पाडतात आणि तिला सोडतात. पुढे कुणाच्याही पिंजऱ्यात ती आली, अंगावर अंडी असोत वा नसोत, खाच दिसली की सोडायचीच. ती अंडी घालणारी मादी आहे हे एका मच्छीमाराने दुसऱ्याला खाचेतून कळवलेलं असतं. मुंबईजवळच्या समुद्रात याच्या उलट झालं. वाळूत राहणारी चपटी शेवंड ट्रॉलरच्या जाळ्यांत अंड्यांसकट येत राहिली, कुणी ती सोडली नाही आणि १९९४ पर्यंत तिचं येणं जवळपास थांबलं.

सोडायचा मासा जगला तर सोडण्याला अर्थ. त्यासाठी हात आधी ओले करायचे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं जंतूंपासूनचं संरक्षण असतं. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरलं की तो थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे बुरशी लागून मरतो. कल्ल्यांत बोट घालून उचलायचं नाही. गळ घशाखाली गेला असेल तर ओढाताण न करता दोरा तोंडाजवळ कापायचा. मासा पाण्यात सरळ धरून ठेवायचा, तो शेपटी मारून स्वतः निघाला की मगच हात सोडायचा. नुसता फेकून दिलेला मासा पुष्कळदा उताणा होऊन वाहत जातो.

खान्देशातून सुट्टीला कोकणात जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो, कारण आपल्याला भरती-ओहोटीची सवय नाही. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला तिथल्या लोकांकडे एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाचाचे पाऊण म्हणजे पावणेचार, म्हणून पूर्ण भरती साधारण पावणेचारला. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, आणि तेव्हा उधाण असतं, पाणी सगळ्यात उंच चढतं. हे शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत चालतं. पूर्ण भरतीनंतर सहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. ओहोटीला खाडीत आत गेलेला माणूस पाणी वळल्यावर मागे फिरला नाही तर चिखलात अडकतो, आणि चढतं पाणी थांबत नाही. दुसरी गोष्ट पाकटाची. हा चपटा मासा उथळ पाण्यात वाळूखाली दडून बसतो. पाऊल उचलून त्याच्या पाठीवर पडलं की शेपटीचा विषारी काटा घोट्यात घुसतो. पाय न उचलता वाळूवरून घासत पुढे सरकवला तर पाकट धक्क्यानेच निघून जातो. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी, त्या विषाची वेदना उष्णतेने कमी होते, आणि दवाखाना गाठावा.

आता घराकडे, खान्देशाकडे वळू.

धुळे शहरात देवपूर आणि जुनं धुळे यांच्यामधून वाहणारी पांझरा साक्री तालुक्यातल्या डोंगरांतून येते आणि मुडावदला तापीला मिळते. तापी पुढे उकाई धरण ओलांडून सुरतेजवळ खंभातच्या आखाताला जाते. समुद्राच्या मासळीसाठीचा २०२३ चा आदेश या नद्यांना लागू नाही. विष कालवून किंवा सुरुंग उडवून मासे मारायला मात्र १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. तरी उन्हाळ्यात डोह आटले की असले प्रकार होतात. त्यात निवडीचा प्रश्नच येत नाही, डोहातला सगळा जीव जातो.

आपल्या धरणांतले राहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगा-सिंधूच्या खोऱ्यांतले मासे. ते इकडे आणून सोडलेले आहेत. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी त्यांचं बीज नद्यांमधून गोळा करून आणावं लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्या मस्तकातल्या ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातींना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं, आणि तेव्हापासून चित्र बदललं. हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज मच्छीमार सहकारी संस्था धरणात दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं सोडतात. बोटुकलीचा किलोभराचा मासा व्हायला चांगल्या पाण्यातही वर्षभर लागतं. म्हणून धरणाच्या काठाने उथळ पाण्यात जाळं टाकणाऱ्याला वीतभर राहू मिळाला तर तो सोडण्यात त्याचाच फायदा आहे. आज त्याचे चार घास होतात, पुढच्या वर्षी तोच घरादाराला पुरतो.

सोडू नयेत असेही मासे असतात, हे इथे सांगायला हवं. चिलापी भारतात १९५२ मध्ये आणली गेली आणि तिने आपल्या तळ्यांवर कब्जा केला. मादी अंडी तोंडात घेऊन उबवते, वर्षातून अनेकदा विते आणि स्थानिक माशांचं अन्न व जागा दोन्ही खाते. चिलापी कितीही लहान असो, पाण्यात परत टाकू नका. बंदी असलेला आफ्रिकी मांगूर सापडला तर तोही नाही. दयेपोटी सोडलेला असा एक मासा शेकडो देशी पिल्लांच्या मुळावर उठतो.

मरळ मात्र अगदी जवळून पाहण्यासारखी आहे. पावसाळ्यात काठच्या पाणगवतात मरळीची जोडी गवत बाजूला सारून गोल मोकळी जागा करते आणि तिथे अंडी घालते. अंडी तेलकट असल्याने पाण्यावर तरंगतात. त्यांच्याखाली पालक पहारा देतो. पिल्लं बाहेर आली की त्यांचा लालसर नारिंगी थवा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ एकत्र फिरतो. दर थोड्या वेळाने तो थवा हवा घ्यायला वर येतो आणि पाण्यावर पावसाचे बारीक थेंब पडावेत तसं दिसतं. खाली, हातभर खोलीवर, काळा पालक मासा सरकत असतो. बेडूक, साप, दुसरा मासा, जे कुणी जवळ येईल त्यावर तो झडप घालतो. मरळ धरणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. लाल थवा दिसला की त्यात गळ सोडायचा, पालक तो खाण्यासाठी नाही तर हुसकावण्यासाठी धरतो आणि अडकतो. इतकी सोपी मरळ वर्षात दुसऱ्या कधी मिळत नाही. आणि ती काढली की तासाभरात तो थवा इतर माशांच्या पोटात जातो. एका मरळीपायी शेकडो मरळी. मासेमारीत मला याहून वाईट व्यवहार माहीत नाही. थव्यासोबतची मरळ गळाला लागलीच तर जिथे लागली तिथेच, त्याच क्षणी सोडावी. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे ती इतर माशांपेक्षा सहज जगते आणि थव्याकडे परत जाते.

राहिली चढण. जूनमध्ये डोंगरावर पाऊस होतो, नदीत गढूळ, गार पाणी येतं आणि डोहात उन्हाळा काढलेले मासे प्रवाहाच्या उलट वर निघतात. कोकणात यांना वलगणीचे किंवा चढणीचे मासे म्हणतात. गार पाणी, त्यातला वाढलेला प्राणवायू आणि काठावर नव्याने बुडालेलं गवत, ही त्यांच्यासाठी अंडी घालण्याची हाक असते. प्रत्येक मादीचं पोट फुगलेलं असतं. राहूच्या मादीत वजनाच्या किलोमागे दोन-तीन लाख अंडी असतात. अंडी घातली की उबदार पाण्यात एका दिवसाच्या आत पिल्लं बाहेर येतात. म्हणजे पूर्ण वर्षाचं काम दोन-चार दिवसांच्या पुरावर अवलंबून असतं. नेमक्या त्याच दिवसांत आपण पाण्यात उतरतो. पांझरेवर सामूहिक सिंचनाच्या फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत, त्यांच्या पायथ्याशी वर चढू न शकलेले मासे दाटीने जमतात. तिथे मच्छरदाणीच्या कापडानेही बादली भरते. लहानमोठा, नरमादी असा काही फरक राहत नाही. गाबोळीची चव चांगली, हे खरं. पण त्या वाटीभर गाबोळीत पुढच्या वर्षाची नदी असते.

ज्या भोई आणि भिल्ल कुटुंबांचं पोट नदीवर आहे त्यांना हे सांगायचा अधिकार मला नाही. त्यांच्याकडे उन्हाळ्यानंतर हातात पैसा नसतो आणि पहिल्या पुराची मासळी हीच त्यांची पहिली कमाई असते. त्यांच्यासाठी या दिवसांत भरपाईची सोय व्हायला हवी, तेवढं सरकारला मागणं आहे. माझं सांगणं हौसेने पाण्यात उतरणाऱ्यांना आहे. घरी डाळ-भाकरी असताना मित्रांसोबत जाळं घेऊन जाणारे आपण सगळे त्यात आलो.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. आपण हौशी लोकांनी हेच ६१ दिवस पांझरा, बोरी, गिरणा आणि तापीसाठी आपणहून पाळावेत. ऑगस्टमध्ये पूर ओसरला की जाळं काढा, काठीवरची खूण पाहा आणि मधला मासा घरी न्या.